दोन छपाईखाने, एक शेड

एकाच डिझाइनचे निम्मे तागे एका प्रोसेस हाऊसला आणि निम्मे दुसऱ्याला दिले की मरून रंग दोन तऱ्हेचा निघतो. कुर्ता एका ताग्याचा, दुपट्टा दुसऱ्याचा लागला की माल परत येतो, पेमेंट अडते. दोष नेहमी छापणाऱ्याचाच असतो असे नाही.

डिजिटल मशीनला फाइलमधून रंगाचे आकडे मिळतात. मशीन, शाई किंवा कापड बदलले की त्याच आकड्यांचा रंग बदलतो. म्हणून प्रत्येक जोडणीसाठी वेगळे ‘प्रोफाइल’ बनवावे लागते. त्याचा सर्वमान्य साचा ठरवणारी इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम ही संस्था १९९३ साली स्थापन झाली.

व्यापाऱ्याने एवढे सांभाळावे. दोघांना एकाच लॉटचे, सारखे ब्लीच केलेले कापड द्यावे. मोबाइलवरचा फोटो पाठवू नये. पसंत नमुन्याचे तीन तुकडे करून एक स्वतःकडे ठेवावा. सुती कापडावरील रिअ‍ॅक्टिव्ह शाईचा खरा रंग वाफ आणि धुलाईनंतरच दिसतो. पसंती त्यानंतरच द्यावी. नमुना दिवसाच्या उजेडात आणि दुकानातील दिव्याखालीही पाहावा, कारण एका उजेडात जुळलेले रंग दुसऱ्यात फुटतात.

ऑर्डरमध्ये ‘शेड बरोबर हवी’ एवढेच लिहून भागत नाही. यंत्राने मोजलेल्या फरकाची, म्हणजे ‘डेल्टा ई’ची मर्यादा आकड्यात लिहावी. एकच्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो.

तरीही थोडा फरक राहतोच. म्हणून ताग्यावर लॉट नंबर टाकावा आणि एक जोड एकाच लॉटमधून कापावा.