झऱ्याचा हिशेब

भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी रावेर मागे टाकते आणि थोड्या वेळात राज्य बदलतं. खिडकीबाहेर मात्र काहीच बदलत नाही. तीच केळी, तीच काळी जमीन, उत्तरेला तीच सातपुड्याची निळसर रांग. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी जुन्या खानदेशाची ही राजधानी. फारुकी सुलतानांनी वसवलेलं हे शहर १६०१ मध्ये असीरगडासोबत अकबराच्या हाती गेलं, १६८१ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने इथला बहादुरपुरा लुटला, उदगीरच्या लढाईनंतर ते पेशव्यांकडे आलं आणि पुढे शिंद्यांकडे गेलं. इतिहासाच्या पुस्तकात आपण त्याला लुटीपुरतं ओळखतो. माझ्या मते ते पाण्यासाठी ओळखायला हवं.

कारण सरकारी पैशाने पाणी देण्याचे तीन प्रयोग इथे एकाच मातीत पाहता येतात. एक चारशे वर्षांपूर्वीचा, एक नुकताच होऊन गेलेला आणि तिसरा अजून कागदावरचा.

पहिल्याचं नाव कुंडी भंडारा. लोक त्याला ‘खूनी भंडारा’ही म्हणतात; कुणी पाण्याच्या तांबूस छटेकडे बोट दाखवतो, कुणी दरोडेखोरांची गोष्ट सांगतो. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सुभेदार अब्दुल रहीम खानखानान याने तो बांधवला. दख्खनच्या मोहिमांचा सगळा पसारा तेव्हा बऱ्हाणपुरात होता: फौज, घोडे, हत्ती, कारखाने आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसं. तापी पायथ्याशी होती, पण शत्रूने नदीत विष कालवलं तर काय, ही धास्ती होती असं सांगतात. शिवाय शहर उंचावर, नदी खाली. पाणी उपसायचं कुणी?

त्यावरचा तोडगा इराणातून आला. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि थरांमधून हळूहळू तापीकडे सरकत राहतो. नदीला मिळण्याआधीच हे पाणी जमिनीखाली अडवायचं, किंचित उतार दिलेल्या बोगद्यात घ्यायचं आणि शहराच्या दिशेने वळवायचं. बोगद्यावर थोड्या थोड्या अंतराने उभ्या विहिरी खणायच्या. हवा खेळती राहावी आणि गाळ काढायला माणूस उतरावा म्हणून. याच कुंड्या. एका भंडाऱ्यावर त्या शंभराहून अधिक आहेत, खोली जवळपास ऐंशी फुटांपर्यंत. ना मोट, ना रहाट. मूल भंडारा, चिंताहरण आणि खूनी भंडारा यांचं पाणी जाली करंज इथे एकत्र यायचं आणि तिथून मातीच्या नळांनी शहरात, किल्ल्यातल्या शाही हमामात जायचं. ‘करंज’ हा शब्द आपल्या ‘कारंज्या’चाच सख्खा भाऊ. पुढे इंग्रजी अमलात मातीच्या नळांच्या जागी बिडाचे नळ आले, पण बोगदे तेच राहिले.

ज्याने हे आखलं त्याचं नाव तबकुतुल अर्ज असं सांगितलं जातं. मला या नावाबद्दल शंका आहे. ‘तबकात-उल-अर्ज’ म्हणजे जमिनीचे थर. उर्दूत भूगर्भशास्त्रालाच तसं म्हणतात. तेव्हा हे माणसाचं नाव की त्याच्या विद्येचं? खानखानान कवी म्हणून घरोघर पोचला, ‘पानी’ शब्दावर खेळणारा त्याचा दोहा हिंदी मुलखात शाळकरी पोरालाही येतो, आणि ज्याने खरोखर पाणी आणलं त्याची ओळख बहुधा हुद्द्यापुरतीच उरली. इंजिनिअरांच्या नशिबी हे तेव्हापासूनच असावं.

आणखी एक गंमत. दख्खनच्या आघाडीवर खानखानानचा प्रतिस्पर्धी होता मलिक अंबर. त्यानेही त्याच दशकात खडकी गावात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून ‘नहर-ए-अंबरी’ आणली. एकमेकांवर तलवार उगारणारे दोघे पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेतले निघाले.

खर्चाच्या दृष्टीने कुंडी भंडाऱ्याचं मर्म असं की जे काही खर्चायचं ते बहुतेक सुरुवातीलाच. खोदाई, चिरेबंदी, चुना यांवर मोठी रक्कम एकदा खजिन्यातून निघाली. त्यानंतर चालवायला लागणार ती माणसाची मजुरी: गाळ काढणं, भिंतींवर साचणारा चुन्याचा थर खरवडणं. विजेचं बिल थकलं म्हणून तो बंद पडणार नव्हता. इथे बांधलेल्या एकूण आठ भंडाऱ्यांपैकी काही नामशेष झाले, उरलेल्यांत अजून पाणी आहे.

आता दुसरा प्रयोग. १५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्राने जल जीवन मिशन जाहीर केलं. एकूण तरतूद ३.६० लाख कोटी रुपये, त्यात केंद्राचा वाटा २.०८ लाख कोटी. बहुतेक राज्यांसाठी विभागणी निम्मी-निम्मी, हिमालयातल्या आणि ईशान्येच्या राज्यांना नव्वद-दहा. माणशी दिवसाला किमान ५५ लिटर शुद्ध पाणी घराच्या नळाला, हे माप. गावातल्या कामांच्या भांडवली खर्चाचा १० टक्के भार गावानेही उचलायचा. डोंगराळ, जंगलातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असलेल्या गावांत ५ टक्के. रोख नसेल तर श्रमदान चालेल. खकनार, नेपानगरकडच्या कोरकू, भिल, बारेला पाड्यांचा विचार केला तर ही सवलत किती गरजेची होती ते कळतं.

मिशन सुरू झालं तेव्हा बऱ्हाणपूर जिल्ह्यात ३७,२४१ ग्रामीण घरांत नळ होता. २२ जुलै २०२२ रोजी, तीन वर्षंही पुरी व्हायच्या आत, हा आकडा १,०१,९०५ झाला, म्हणजे सगळी ग्रामीण घरं. मधल्या काळात करोना होता. तरीही सरासरी काढली तर रोज साठ नव्या जोडण्या पडतात. ६४० शाळा आणि ५४७ अंगणवाड्यांतही पाणी पोचलं. पण बऱ्हाणपूरचं नाव देशभर झालं ते वेगळ्या कारणाने. नळ बसले हे खात्याने सांगणं एक, आणि ‘हो, पाणी येतंय’ असा ग्रामसभेने ठराव करणं दुसरं. इथल्या सगळ्या २५४ गावांच्या ग्रामसभांनी तो ठराव केला. म्हणून ‘हर घर जल’ प्रमाणित झालेला देशातला हा पहिला जिल्हा ठरला.

ठरावाची ही कल्पना मला मनापासून आवडते. आपल्याकडे योजना पूर्ण होते ती कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघतं तेव्हा. इथे निदान कागदोपत्री शेवटचा शब्द गावाला मिळाला. प्रत्येक गावात पाणी समिती झाली, तपासणीच्या संचावर पाण्याची परीक्षा करायला बायकांना शिकवलं गेलं, आणि घरोघरची पट्टी बँकेत जमा करून त्यातून पंप चालवणाऱ्याचं मानधन आणि किरकोळ दुरुस्ती भागवायची असं ठरलं.

खरा प्रश्न या पट्टीतच आहे. नळजोडणीला केंद्राचा पैसा आहे, राज्याचा आहे. जोडणी झाल्यावर पंप रोज चालतो, वीज रोज जळते, मोटर वर्षातून एकदा तरी जळते. तो सगळा भार गावाच्या पट्टीवर. महाराष्ट्रात हे आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलोय: नवी कोरी टाकी, खाली कोरडा नळ, आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात महावितरणच्या नोटिसा. टाकीच्या उद्घाटनाला आमदार येतात. व्हॉल्व्ह गळतो तेव्हा पाणी सोडणारा पोरगा सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधतो.

बरं, बांधायचा पैसा तरी अखंड वाहतो का? केंद्राने २०२४-२५ साठी मिशनला सुमारे ७०,००० कोटी रुपये ठेवले होते; सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले. पुढच्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढवून ६७,००० कोटी दाखवले गेले. मधल्या काळात महाराष्ट्रात कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरले. चर खणून पाइप पडलेला आणि पुढचं काम ठप्प, अशा गल्लीतून चालताना ‘सुधारित अंदाज’ या कोरड्या शब्दाचा अर्थ नीट समजतो. बऱ्हाणपूरचं नशीब असं की त्याचं काम हा आटापिटा सुरू होण्याआधीच उरकलं होतं.

नळ मोजता येतो, म्हणून पैसा नळाकडे जातो. जमिनीखालचं पाणी उद्घाटनाला दिसत नाही. केळीला पाणी भरपूर लागतं, सातपुड्याच्या पायथ्याला बोअरवेल एकाशेजारी एक आहेत, आणि रावेर, यावल, चोपडा ते बऱ्हाणपूर या पट्ट्यात पातळी खाली गेली आहे. घरात नळ आणि गावाच्या बोअरमध्ये खळखळ हवा, ही भीती खरी आहे. ज्या मुरणाऱ्या पाण्यावर खानखानानचा बोगदा उभा आहे, त्याच पाण्यात आता हजारो बोअरची तोंडं बुडालेली आहेत.

इथेच तिसरा प्रयोग येतो. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री मोहन यादव आणि देवेंद्र फडणवीस यांनी तापी महापुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. सातपुड्याच्या पायथ्याला डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे. पाण्याच्या दृष्टीने ती मोठी पोकळ टाकीच. तापीवर खारिया गुटीघाट इथे ८.३१ टीएमसीचा बंधारा बांधून, दोन्ही तीरांवरून लांबच लांब कालवे काढून पुराचं पाणी या थरात मुरवायचं. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी, त्यातलं ११.७६ मध्य प्रदेशाचं, १९.३६ महाराष्ट्राचं. सिंचन मध्य प्रदेशात १,२३,०८२ हेक्टर, आपल्याकडे २,३४,७०६ हेक्टर. एकही गाव उठवावं लागणार नाही असं सांगितलं जातं, आणि धरणांच्या आपल्या इतिहासात ही छोटी गोष्ट नाही. खर्चाचा अंदाज १९,२४४ कोटी, तोही २०२२-२३ च्या दरांनी. सिंचनाच्या क्षेत्रावर वाटला तर हेक्टरी पाच लाखांहून जास्त. दोन राज्यांच्या तिजोरीला हे झेपणारं नाही, म्हणून राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळवून केंद्राकडून मोठा हिस्सा आणण्याची धडपड आहे.

नीट पाहिलं तर हा विचार खानखानानच्या विचाराच्या उलट्या टोकाने निघतो आणि त्याच ठिकाणी पोचतो. त्याने डोंगरातून मुरलेलं पाणी वाटेत अडवून घेतलं. आपण इतकं उपसलं की आता नदीच डोंगराच्या पायथ्याशी नेऊन मुरवायची आहे. कल्पना मला पटते. धास्ती आहे ती कालव्यांची. मुरवणाऱ्या कालव्याच्या तळाशी गाळ बसला की तो मुरवणं थांबवतो, आणि गाळ दरसाल काढावा लागतो. बांधकामाच्या आकड्याइतक्याच ठळकपणे या कामाचा आकडा कुणी मांडायला हवा.

मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत खूनी भंडारा दाखल झाला. पर्यटकांसाठी एका कुंडीत लिफ्टही बसवलेली आहे. तळाशी उतरलं की गार हवा आणि भिंतीतून झिरपणारं स्वच्छ पाणी. भिंतीवर चुन्याचा पांढरा थर चढलेला दिसतो. तो दरसाल थोडा थोडा वाढतो आणि झिरपण्याची भोकं बुजवतो. तो खरवडायला दोन माणसं, छिन्नी आणि काही दिवसांची मजुरी लागते.