तेहेतिसाव्या वर्षी उतरलेली पट्टी

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही ध्वनिमुद्रिका कोलंबिया कंपनीने १७ ऑगस्ट १९५९ रोजी बाजारात आणली. तिची पन्नाशी अमेरिकेत थाटात झाली. डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाने ४०९ विरुद्ध ० मतांनी तिच्या गौरवाचा ठराव केला. कंपनीचा पन्नाशीचा खास संच तर २००८ मध्येच दुकानांत आला होता. पण या मुद्रिकेबाबतची सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती ना रौप्यमहोत्सवात झाली, ना सुवर्णमहोत्सवात. ती झाली १९९२ साली, कोणताही सोहळा नसताना, जपून ठेवलेल्या एका जादा टेपमुळे. वर्धापनदिनाच्या निमित्ताने जुन्या मुद्रिकेकडे परतायचे असेल, तर आधी टेपकडे जावे आणि मग आठवणींकडे, असे माझे म्हणणे आहे.

न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर, एके काळी चर्च असलेल्या स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी हे ध्वनिमुद्रण झाले. पहिल्या दिवशी मुख्य यंत्र किंचित मंद फिरत होते. मंद गतीने भरलेली टेप नेहमीच्या गतीने वाजवली की लय वाढते आणि पट्टीही चढते. त्यामुळे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' हे पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे तेहेतीस वर्षे चढ्या पट्टीत ऐकले गेले. सुरात लावलेल्या पियानोवर रेकॉर्डबरोबर वाजवू पाहणाऱ्याचे सूर तिच्याशी जुळणे शक्यच नव्हते. त्याच बैठकीत दुसऱ्या यंत्रावर भरलेली प्रत मात्र योग्य गतीची होती. ती वापरली आणि संगीत आपल्या जागी आले.

फरक अर्ध्या स्वराहूनही कमी, मग एवढा गाजावाजा कशाला, असे कोणी विचारेल. 'सो व्हॉट'पुरता हा प्रश्न रास्त आहे. तिथे सोळा बार एकच स्वरमाला चालते, आपल्या काफी थाटाचीच. मग आठ बार ती जशीच्या तशी अर्धा स्वर वर सरकते आणि शेवटचे आठ बार पुन्हा खाली येते. सगळेच सारखे चढले तर हे नाते बिघडत नाही. 'ब्लू इन ग्रीन'चे तसे नाही. त्यात डेव्हिसच्या तोंड बंद केलेल्या ट्रम्पेटचा एकेक स्वर लांबतो, पातळ होतो आणि विरतो. त्या विरण्यातच त्या रचनेचा जीव आहे. यंत्राने तो वेळ कापला आणि वाद्याचा पोतही थोडा टोकदार केला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वादकांच्या पिढ्या चढ्या पट्टीवरच घडल्या, तेव्हा इतिहास तिचाच. हे मला मान्य आहे, आणि म्हणून ती प्रतही जपलीच पाहिजे. पण ऐकणाऱ्यांचा इतिहास वेगळा आणि वाजवणाऱ्यांचे काम वेगळे. डेव्हिस आणि त्याचे सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन, अ‍ॅडरली यांनी त्या दिवशी जे वाजवले, ते त्या गतीचे नव्हते.

टेपने आणखी एक समजूत सैल केली. पियानोवादक बिल एव्हान्सने वेष्टनावरच्या टिपणात लिहिले की प्रत्येक रचनेचे पहिलेच पूर्ण वादन पसंत झाले. वर्धापनदिनाच्या लेखांना हे वाक्य फार प्रिय. पण १९९७ च्या आवृत्तीत 'फ्लेमेंको स्केचेस'चे आधीचे एक संपूर्ण वादन प्रसिद्ध झाले. मूळ मुद्रिकेत घेतलेले वादन त्यानंतरचे होते. म्हणजे हे कलावंत थांबले, पुन्हा बसले आणि त्यांनी निवड केली. मला ही हकिगत दंतकथेपेक्षा मोठी वाटते. उत्स्फूर्ततेला त्याने बाधा येत नाही. तिच्यामागे पारखणारा कान होता एवढेच कळते. छापील माहितीवर विसंबणे किती धोक्याचे, हे तर सुरुवातीच्या प्रतींनीच दाखवले होते. दुसऱ्या बाजूच्या दोन्ही रचनांची नावे तिथे उलटसुलट छापली गेली होती.

वर्धापनदिन हा शेवटी विक्रीचा मोसम, ही तक्रारही खरी. परंतु १९९७ ची आवृत्तीही विकण्यासाठीच निघाली होती, आणि तिनेच ते दुसरे वादन दिले. विक्रीच्या आशेने का होईना, टेपचे खोके उघडले जाते. या बैठकांत वाजवणाऱ्यांपैकी शेवटचा, ड्रमवादक जिमी कॉब, मे २०२० मध्ये गेला. आता विचारायला माणूस उरलेला नाही. २०२९ मध्ये या मुद्रिकेला सत्तर वर्षे होतील. त्या आवृत्तीत पहिली बाजू दोन्ही गतींत शेजारी शेजारी द्यावी आणि कोणती कोणत्या टेपवरून घेतली ते वेष्टनावर छापावे.