बटण दाबल्यावर पुढे काय होतं?

गटाचे पैसे मोबाईलवरून पाठवले, ‘विनंती स्वीकारली’ असं दिसलं, पण समोरच्या खात्यात रक्कम पोचलेली नाही. मग जीव वरखाली होतो. अशा वेळी काय करायचं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपण गिरणीत दळण टाकतो, तेव्हा डबा रांगेत ठेवून घरी येतो. पीठ होईपर्यंत दारात उभ्या राहत नाही. ॲपच्या मागे जो मोठा संगणक असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. त्याचंही असंच असतं. एकाच वेळी हजारो माणसं येतात. प्रत्येकीचं काम संपेपर्यंत बाकीच्यांना थांबवलं, तर सगळ्यांचाच खोळंबा होईल. म्हणून तो विनंती घेतो, तिला नंबर देतो आणि रांगेत लावतो. खरं काम मागे चालू राहतं.

काही कामं ठरल्या वेळीच होतात. त्यासाठी सर्व्हरला मिनिट, तास, तारीख, महिना, वार असं वेळापत्रक लिहून देतात. व्याजाची आकारणी, हप्त्याची आठवण देणारे मेसेज ही अशीच कामं. जड कामं बहुधा रात्री ठेवतात, तेव्हा गर्दी कमी असते.

बँकेची एनईएफटी सोय घ्या. १६ डिसेंबर २०१९ पासून ती सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास चालते. पण पैसे एकेक करून जात नाहीत, दर अर्ध्या तासाला एक खेप निघते. दिवसाला ४८ खेपा. खेपेचा हिशेब झाल्यावर दोन तासांत रक्कम जमा व्हावी, नाहीतर परत यावी. उशीर झाला तर बँकेने व्याज द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

म्हणून घाईनं पुन्हा बटण दाबू नका. सर्व्हरच्या लेखी तो दुसरा डबा ठरतो आणि पैसे दोनदा जाऊ शकतात. व्यवहाराचा नंबर आणि वेळ गटाच्या वहीत लिहा. दोन-अडीच तास थांबा. तरीही रक्कम दिसली नाही, तर तो नंबर घेऊन बँकेत जा.

आणि ‘अडकलेले पैसे सोडवून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या. रांगेत लागलेल्या कामाला ओटीपी पुन्हा लागत नाही.