हेड बसवताय? आधी शिशाची तार टाका!

गोदाकाठी नांदेडला, मांजरेच्या पट्ट्यात लातूरला जुनं डिझेल इंजिन जपणाऱ्यांनो, हे वाचाच. पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या माथ्यात आणि हेडमध्ये उरणारी फट म्हणजे बंपिंग क्लिअरन्स. कमी पडली तर इंजिन तापल्यावर पिस्टन हेडला ठोकतो. जास्त झाली तर कॉम्प्रेशन पडतं, थंडीत हँडल मारून हात दुखतात तरी इंजिन धरत नाही.

मोजायची रीत सुंदर आहे. फटीपेक्षा जाड, मऊ शिशाची तार घ्या. तिचे दोन तुकडे पिस्टनवर ग्रीस लावून चिकटवा, तेही पिस्टन पिनच्या रेषेवरच. कारण आडव्या बाजूला पिस्टन किंचित कलतो आणि माप फसतं. व्हॉल्व्हखाली तार नको. गॅस्केटसह हेड पूर्ण आवळा, फ्लायव्हील हातानेच सावकाश फिरवा. हेड काढा, चपटलेली तार मायक्रोमीटरने मोजा आणि दोन्हींची सरासरी काढा. सिलिंडरखाली शिम असतील, तर त्या कमी-जास्त करून माप जुळवता येतं. मॉडेल बोटींच्या चिमुकल्या इंजिनांतही शौकीन हेच करतात, फक्त तार बारीक.

नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो. कंपनीची पुस्तिका बघा, अंदाजाने गॅस्केट बदलू नका.