बारा ग्रॅमचा मासा

लहानपणी पंचगंगेच्या घाटावर आम्ही मुलं मासे धरायचो. बांबूची काठी, तिच्या टोकाला तंगूस, तंगुसाला गळ आणि गळाला कणकेची गोळी. रीळ वगैरे प्रकार आम्हाला ठाऊकच नव्हता. हाती लागायच्या त्या बोटाएवढ्या चिंगळ्या. मोठी माणसं हसायची आणि म्हणायची, "यात मांजराचंही पोट भरायचं नाही." पुढे नोकरीच्या निमित्तानं इंग्लंडात नॉटिंगहॅमला गेलो आणि पाहतो तो काय, पन्नाशी-साठीची माणसं ट्रेंट नदीच्या काठी ओळीनं बसून, तशाच बिनरिळाच्या काठीनं, तशाच बोटाएवढ्या मासोळ्या धरताहेत. आणि तेही स्पर्धा लावून! आज सांगायचं आहे ते या स्पर्धेविषयी, आणि तीत मी केलेल्या एका चुकीविषयी.

इंग्लंडात गोड्या पाण्यातल्या माशांच्या दोन जाती मानतात. सामन आणि ट्राउट हे मानाचे मासे. बाकीचे सगळे 'कोर्स', म्हणजे आपल्या भाषेत जाडेभरडे. मानाच्या माशांच्या नद्या बहुतकरून जमीनदारांच्या, म्हणून जाडेभरडे मासे कामगारांच्या वाट्याला आले. कोळशाच्या खाणी, पोलादाचे आणि कापडाचे कारखाने इथल्या कामगारांनी आपापले क्लब काढले आणि सुट्टीच्या दिवशी नदीकाठी सामने भरवायला सुरुवात केली. मला या खेळात ओढणारे माझे शेजारीही असेच एक निवृत्त खाणकामगार होते. क्लबातले सगळे त्यांना कॅप्टन म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागलो.

सामन्याची रीत सोपी आहे. काठावर ठरावीक अंतरावर खुंट्या ठोकलेल्या असतात, त्यांना 'पेग' म्हणतात. पिशवीत हात घालून ज्याला जो आकडा येईल तिथे त्यानं बसायचं. शिट्टी झाली की सुरू, पुन्हा शिट्टी झाली की गळ पाण्याबाहेर. धरलेला प्रत्येक मासा पाण्यात सोडलेल्या लांबलचक जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवायचा. शेवटी काटा घेऊन पंच येतात, वजन करतात आणि मासे परत नदीत सोडले जातात. मोजतात ते एकूण वजन. एकच दोन किलोचा मासा धरा नाहीतर दोनशे छोटे धरा, काट्याला दोन्ही सारखेच.

छोट्या माशांसाठी वापरतात त्या काठीला 'व्हिप' म्हणतात, म्हणजे चाबूक. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची, कार्बन किंवा काचतंतूची, साधारण तीन ते पाच मीटरची ही काठी. रीळ नाही. तंगूस थेट शेंड्याला बांधलेला आणि काठीपेक्षा जरा आखूड. यातच सगळी युक्ती आहे. मासा लागला की काठी नुसती उभी करायची. मासा झोका घेत थेट डाव्या हातात येतो. गुंडाळणं नाही, जाळी पुढे करणं नाही. लांब काठ्याही असतात. जागतिक स्पर्धेत तेरा मीटरपर्यंत चालतात. पण मासा काढताना त्या मागे सरकवून मधूनच सोडवाव्या लागतात. तेवढ्या वेळात चाबूकवाल्याचे दोन मासे होतात.

गळ असतो विसाव्या किंवा बाविसाव्या नंबरचा. इथे आकडा जितका मोठा तितका गळ बारीक. त्याला आमिष माशीच्या अळीचं. मासा धरायला माशी, हा विनोद फक्त मराठीतच होतो. या अळ्या तिथे दुकानात दुधासारख्या पाइंटाच्या मापानं मिळतात आणि घरच्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. त्यावरून घरोघरी होणारे वाद मी सांगायला नकोत.

आणि मासा? रोच, डेस, तळाशी राहणारा मिशीवाला गजन आणि सगळ्यांत चपळ ब्लीक. ब्लीक म्हणजे चंदेरी कुशीचा, वरच्या पाण्यात थव्यानं फिरणारा, दहा-बारा ग्रॅमचा मासा. त्याच्या खवल्यांतला चकचकीत पदार्थ काचेच्या मण्यांना लावून सतराव्या शतकात पॅरिसमध्ये नकली मोती बनवू लागले. ब्लीक धरताना दर खेपेला चिमूटभर अळ्या पाण्यात फेकायच्या, त्यांच्यावरच गळ टाकायचा, झटका, झोका, मासा सोडव, पिशवीत टाक, पुन्हा फेक. ही लय सापडली की दर वीस सेकंदांना एक मासा काढणारी माणसं आहेत. हिशेब करा. तासाला एकशेऐंशी, तीन तासांत पाचशे चाळीस, आणि बारा ग्रॅमच्या हिशेबानं साडेसहा किलोच्या जवळपास!

या चिल्लर माशांचं खरं मोल कळतं ते सांघिक सामन्यात. आमच्या सामन्यात सहा संघ असत, प्रत्येकात पाच जण. नदीचे पाच भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात प्रत्येक संघाचा एकेक जण बसवायचा. भागात पहिला येईल त्याला एक गुण, शेवटच्याला सहा. पाचांची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो संघ विजयी. म्हणजे एकानं प्रचंड मासा धरला तरी त्याचा एकच गुण, आणि दुसरा रिकामा उठला तर सहा गुण बोकांडी. म्हणून इथे पराक्रमापेक्षा हातची खात्री मोठी. इंग्रज मंडळींना हे उमगायला वेळ लागला. जागतिक स्पर्धा 1957 साली बेल्जियममध्ये सुरू झाली. 1963 मध्ये बिली लेन हा पहिला इंग्रज वैयक्तिक विजेता झाला, पण संघाला सुवर्णपदक मिळायला 1985 साल उजाडलं. पुढे बॉब नडनं मात्र 1990, 1991, 1994 आणि 1999 असं चार वेळा जगज्जेतेपद मिळवलं.

आता माझी चूक. 2003 चा ऑगस्ट महिना होता. कॅप्टनांची खाण केव्हाच बंद पडली होती, क्लब तेवढा उरला होता. त्यातही सभासद इतके कमी झाले होते की त्या मोसमानंतर तो मोडायचा, असं ठरलं होतं. शेवटच्या सामन्याला पाचवा गडी मिळेना, म्हणून मला बसवलं. कॅप्टनांनी चाबूक हातात दिला आणि म्हणाले, "हे बघ, पहिल्या मिनिटापासून ब्लीक. दुसरं काही नाही."

मी पेगवर बसलो. समोर नदी संथ, लांबवर रॅटक्लिफ वीज केंद्राचे आठ अवाढव्य मनोरे. तेवढ्यात पलीकडच्या काठाजवळ पाणी फुगलं आणि एका मोठ्या ब्रीमची पाठ दिसली. मनात आलं, असा एक लागला तर भागात पहिला! मी चाबूक बाजूला ठेवला, रिळाची काठी काढली आणि गळ लांब टाकला. पाऊण तास वाट पाहिली. ब्रीम काही आला नाही. मग घाबरून चाबूक उचलला. उरलेल्या सव्वादोन तासांत त्र्याऐंशी ब्लीक धरले. काट्यावर भरले दोन पौंड तीन औंस, म्हणजे किलोला जेमतेम कमी. भागात मी तिसरा. दुसऱ्याचं वजन होतं दोन पौंड पाच औंस.

निकाल लागला. समोरच्या संघाचे तेरा गुण, आमचे चौदा. आणि माझ्यापुढचा तो दुसरा नेमका त्याच संघाचा. मी त्याच्या पुढे गेलो असतो तर आमचे तेरा झाले असते आणि त्यांचे चौदा. फरक दोन औंसांचा, म्हणजे पाच ब्लीक. माझ्या वेगानं पाच ब्लीक म्हणजे आठ मिनिटं. मी घालवली होती पंचेचाळीस.

कॅप्टन रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मोठा दिसला होता ना?" मी मान हलवली. ते म्हणाले, "दिसतोच. खाणीतही नव्या पोराला समोरच्या थरापेक्षा पलीकडचाच थर जाड दिसायचा." मग सामान आवरलं, पाचही जणांनी मिळून चहा घेतला, आणि क्लब संपला. आणखी काही ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

हे सगळं मी फोनवर आईला सांगितलं तेव्हा तिनं एकच प्रश्न केला, "खायचे नाहीत, तर धरता कशाला?" त्याचं चोख उत्तर माझ्यापाशी आजही नाही. मासे सोडायचे असल्यानं खेळाडू काटा नसलेले गळ वापरतात, ओल्या हातानं मासा धरतात. शिशाची वजनं गिळून हंस मरू लागले, तेव्हा 1987 पासून बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्रात मासेमारी बंद असते, तशी तिथल्या नद्यांवर 15 मार्च ते 15 जून या विणीच्या काळात हे मासे धरायला मनाई असते. तरी माशाला आपण त्रास देतो हे खरंच. एवढं मात्र सांगेन, की नदीत घाण पाणी सुटलं की पहिली ओरड करतात ती हीच माणसं, कारण रोज पाण्याकडे बघत बसणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

कॅप्टन आता नाहीत. रॅटक्लिफ हे ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं शेवटचं वीज केंद्र, तेही 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झालं. तो चाबूक मात्र माझ्याकडे आहे, कोल्हापूरला, माळ्यावर. मागच्या दिवाळीत नातवाला घेऊन नदीवर गेलो. त्याला पहिल्याच खेपेला बोटाएवढी मासोळी लागली आणि तो हिरमुसून म्हणाला, "आजोबा, किती छोटी!" मी म्हटलं, "सोड तिला, आणि लगेच दुसरी धर. वेळ घालवू नकोस."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)