बियाण्याचा दोष आणि शेताचा

ज्याचे आयुष्य बियाण्याच्या गावात गेले त्याला एक खोड जडते: कोठेही वैगुण्य दिसले की तो प्रथम बियाण्याला बोल लावतो. कपाशीला बोंड धरले नाही, बियाणे बोगस. पोराला हिशेब जमत नाही, तेही बियाणेच. आम्हा जालनेकरांना ही खोड लागण्यास सबळ कारण आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ उभी केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि जुन्या पिढीच्या तोंडी ‘जालना, सोने का पालना’ म्हणून जे गाव होते ते बियाण्याचे गाव म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. आजही बीजोत्पादनाच्या प्लॉटात दुपार कलली की बाया ओळीने वाकतात, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरून तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर अंगठ्याच्या नखाने अलगद उतरवतात, आणि सकाळी नर वाणाचे फूल तिच्या उघड्या कुक्षीवर फिरवतात. या कामाला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. मध्येच वेगळ्या पानाचे झाड दिसले तर ते ‘भेसळ’ म्हणून मुळासकट उपटून बांधावर टाकतात. आनुवंशिकतेचे शास्त्र या बायांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते त्यांच्या नखांत आहे.

अशा गावात एखाद्या घरी कर्करोग आला म्हणजे समाचाराला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘तुमच्या घराण्यात कुणाला होता का वो?’ मग सासरची मंडळी माहेराकडे बोट दाखवतात, माहेरची मंडळी सासरच्या आत्याबाईंचे जुने दुखणे उकरून काढतात, आणि घरात मुलगी उपवर असेल तर रोगाचे नावच दडपले जाते. हा प्रश्न सर्वस्वी अडाणीपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. कर्करोग हा जनुकांचा रोग आहे, याविषयी आता दुमत उरलेले नाही. परंतु जनुकांचा रोग म्हणजे घराण्याचा रोग हे समीकरण मात्र बहुतांश चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत मराठवाड्यातील घरे रोज मोजीत आहेत.

आपल्या प्रत्येक पेशीत एक दफ्तर असते. तीनशे कोटी अक्षरांचे एक बाड आईकडून आलेले, तितकेच दुसरे बापाकडून. त्यांत कामाचे हुकूम, म्हणजे प्रथिने घडविणारी जनुके, सुमारे वीस हजार. पेशीचे विभाजन व्हायचे तर सगळ्या दफ्तराची नक्कल करावी लागते, आणि नक्कल म्हटली की चूक आली. निसर्गाचा नक्कलनवीस मात्र असा दक्ष की स्वतःचे लिखाण स्वतः ताडून पाहतो, शिवाय त्यावर दुरुस्तीचे वेगळे खाते नेमलेले असते, त्यामुळे शंभर कोटी अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक उरते. एका अक्षराचे माहात्म्य आम्हांला वेगळे सांगायला नको. २०२३ साली अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर निजामकालीन दफ्तरे उघडली गेली आणि मोडी व उर्दूतील जीर्ण कागदांवर कुणबी नोंदी शोधण्यासाठी जाणकारांचे डोळे शिणले, तेव्हा एका नोंदीवर किती कुटुंबांचे भवितव्य अडकू शकते हे साऱ्या जिल्ह्याने पाहिले.

पेशीतील अशा एका अक्षराचा शोध १९८२ साली लागला. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशीतील एचरास नावाचे जनुक निरोगी पेशीतील त्याच जनुकाशी ताडून पाहता, अमेरिकेतील शास्त्रज्ञांना बाराव्या शब्दातील मधले अक्षर तेवढे बदललेले आढळले: ‘जी’च्या जागी ‘टी’. एचरास हे वाढीचा हुकूम पोहोचविणारे जनुक; हुकूम पोहोचला की त्याने गप्प बसायचे असते. त्या एका अक्षराने त्याची गप्प बसण्याची शक्ती गेली आणि ‘वाढा, वाढा’ असा घोष अहोरात्र चालू राहिला. त्याचेच भावंड केरास स्वादुपिंडाच्या दहांतील नऊ कर्करोगांत बिघडलेले सापडते.

परंतु नुसत्या घोषाने अर्बुद होत नाही, कारण पेशीत बंदोबस्तही असतो. टीपी-५३ हे जनुक त्या बंदोबस्ताचे मुख्य. त्यापासून बनणारे ३९३ दुव्यांचे प्रथिन दफ्तराची नासधूस झालेली दिसताच विभाजन थांबवते, दुरुस्तीला अवधी देते, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला आत्मविसर्जनाचा हुकूम सोडते. मनुष्याच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हा पहारेकरीच बदललेला आढळतो. अशा पहारेकऱ्यांच्या प्रती दोन, एक आईची आणि एक बापाची. एक निकामी झाली तरी दुसरी काम रेटते. १९७१ साली आल्फ्रेड नडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यातील कर्करोगाचा हिशेब मांडून दाखविले, की ज्या मुलाला एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळाली त्याच्या पेशीवर आयुष्यात एकच घाव पुरतो, इतरांच्या एकाच पेशीवर दोन घाव पडावे लागतात. घराण्याचा दोष आणि आयुष्याचा दोष यांतील भेद इतक्या स्वच्छपणे प्रथमच मांडला गेला.

तेव्हा बियाण्याचा दोष असतोच. नाही असे नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या वंशांवर काम करीत स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडला, तो पुष्कळ आधी. त्या संबंधाचे जनुक, बीआरसीए-१, सतराव्या गुणसूत्रावर आहे हे १९९० मध्ये कळले आणि ते प्रत्यक्ष हाती आले १९९४ मध्ये. ज्या घरात आई, मावशी आणि बहीण अशा तिघींना ऐन उमेदीत स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला, त्या घराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि समाचाराला आलेल्यांना नव्हे, तर जनुकतपासणी करणाऱ्या वैद्याला विचारला पाहिजे. पण सगळ्या कर्करोगांत असे वारशाने आलेले शेकडा पाच ते दहाच. उरलेल्यांचे काय?

उरलेल्यांपैकी आमच्या जिल्ह्यात सर्वांत डोळ्यांवर येतो तो तोंडाचा. भारतीय पुरुषांत हाच कर्करोग अग्रस्थानी आहे, आणि त्याचा मूळ शोध घेण्याचे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते. डॉ. वसंत रामजी खानोलकर १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. आपल्या लोकांचे कर्करोग आपल्या लोकांच्या सवयींत शोधले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाईंनी धोतराची गाठ कमरेवर वर्षानुवर्षे घासून होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले, तेव्हा एखाद्या विलायती वैद्याच्या स्वप्नातही न येणारी ती गोष्ट होती. धोतर बहुतेकांनी सोडले. गालफडातील बार मात्र राहिला.

खानोलकरांनी सवय ओळखली, तिचा जनुकांवरील पुरावा मात्र सात दशकांनी हाती आला. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधनसंस्था आहे; तेथील आणि बंगालमधील कल्याणीच्या जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेतील संशोधकांनी हिरडी व गालाच्या आतील कर्करोगाचे काम हाती घेतले आणि २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रथम पन्नास रुग्ण घेतले, मग पडताळ्यासाठी आणखी साठ. पद्धत मोठी मार्मिक. त्याच माणसाच्या गाठीतील जनुकांचा मजकूर आणि त्याच माणसाच्या रक्तातील मजकूर शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडायचे, जसा मुन्सफाच्या कचेरीत अस्सल दस्त आणि संशयित नक्कल एकापुढे एक ठेवतात. रक्तात आहे ते आईबापांनी दिलेले. गाठीत आहे पण रक्तात नाही ते आयुष्यात मिळविलेले. टीपी-५३ बिघडलेले निघाले. पेशीला मरणाची आज्ञा देणारे कॅस्प-८ निघाले. नॉच-१ आणि फॅट-१ निघाले. आणि एचरासही, जे १९८२ साली मूत्राशयात सापडले होते. शिवाय यूएसपी-९एक्स, एआरआयडी-२ अशी काही जनुके या जागेच्या कर्करोगात वारंवार बिघडतात, हे नव्याने कळले. हे सारे बिघाड गाठीत होते, रक्तात नव्हते. ‘आमच्या रक्तातच आहे’ म्हणणाऱ्याला याहून स्पष्ट उत्तर मला तरी सुचत नाही.

अक्षरे कोणत्या धाटणीने बदलली, यावरून कोणी बदलली हेही ताडता येते, जसे मुरलेल्या कारकुनाला हस्ताक्षरावरून खाडाखोड करणारा ओळखू येतो. अशा हस्ताक्षरांना शास्त्रज्ञांनी क्रमांक दिले आहेत, आणि एकोणतिसाव्या क्रमांकाचे हस्ताक्षर तंबाखू चघळणाऱ्यांच्या याच गालाच्या कर्करोगात ओळखले गेले. यातील रसायन असे: पान वाळवताना व आंबवताना तंबाखूत नायट्रोसमाइन नावाची द्रव्ये तयार होतात, तोंडातील पेशी ती निकामी करू पाहतात आणि त्या खटपटीत त्यांचा दाहक अंश जनुकांच्या अक्षरांना चिकटतो, मग पुढच्या नकलेत तेथे भलतेच अक्षर उतरते. चुन्याने निकोटिन झपाट्याने भिनते. आणि ‘आम्ही तंबाखूला शिवत नाही, नुसती सुपारी’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूवाचून खाल्लेली सुपारीसुद्धा निश्चित कर्करोगकारक ठरविली आहे. तिने गालाची आतली त्वचा चामड्यासारखी ताठरते आणि तोंड उघडेनासे होते.

१९५३ साली स्लॉटर या अमेरिकन शल्यवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या गाठीभोवतीची, वरकरणी निरोगी दिसणारी त्वचाही दूरवर बिघडलेली असते असे दाखविले, आणि या स्थितीला त्यांनी जे नाव दिले त्यात ‘शेत’ हाच शब्द आहे. एक गाठ काढली तरी शेजारी दुसरी उगवते, कारण सारे शेतच नासलेले असते. जालन्यात बसून हे वाचताना मला गंमत वाटली आणि नंतर वाटेनाशी झाली.

शेत नासविणाऱ्यांवर सरकारने हुकूम काढले नाहीत असे नाही. महाराष्ट्रात २००२ साली गुटखाबंदी झाली, ती न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा झाली आणि वर्षावर्षाने नूतनीकरण होत आली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी शेकडा २४.४ धूरविरहित तंबाखू सेवन करीत होते. धूम्रपान करणारे शेकडा ३.८. म्हणजे आमचा सारा प्रश्न चघळण्याचा, मळण्याचा आणि दातांना मिश्री लावण्याचा. बंदीच्या पुड्या कोठे मिळतात हे गावातील पोराटोरांना ठाऊक असते, आणि ते अंमलदारांना ठाऊक नसावे यावर माझा विश्वास नाही.

स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नक्कल बिघडविणारा एक विषाणू आहे. एचपीव्हीची दोन प्रथिने पेशीत शिरून पहारेकऱ्यांनाच पकडतात: एक टीपी-५३ च्या प्रथिनाची वासलात लावते, दुसरे नडसनच्या त्या डोळ्यातील कर्करोगाशी निगडित आरबी प्रथिनाची. येथेही दोष बाहेरून आलेला, आणि म्हणून वेळीच पकडता येणारा. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साहाय्याने, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन झालेल्या अभ्यासाने हे सिद्ध केले: आयुष्यात एकदाच विषाणूची चाचणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३४, चाचणीविना राहिलेल्या गटात ६४. जगभरच्या धोरणांना आधार झालेला हा अभ्यास. पण तुलनेसाठी जी गावे चाचणीविना ठेवली गेली त्यांची आठवण मला त्या आकड्यांसोबत नेहमी येते, आणि त्यावर त्या काळी टीका झाली ती अस्थानी नव्हती.

आणखी एक कबुली द्यावी लागेल. काही चुका कोणाच्याच नसतात. सुपारीला न शिवलेल्या, कसलाही वारसा नसलेल्या माणसालाही रोग होतो, कारण नक्कलनवीस कितीही दक्ष असला तरी एका जन्मात त्याला अगणित वेळा लिहावे लागते. अशा रोग्याच्या उशाशी बसून त्याच्या सवयींची उलटतपासणी घेणाऱ्यांना मी घराण्याची चौकशी करणाऱ्यांइतकेच निर्दय समजतो.

मागल्या पौषात घनसावंगी तालुक्यातील एका खेड्यात आशाताईंबरोबर मी फिरलो. तपासणी अगदी साधी: हाताची तीन बोटे उभी जोडून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालायची, जात असतील तर तोंड पुरते उघडते. म्हाताऱ्यांनी हसत घातली, बायांनी पदराआड घातली. पारावर तिशीतला एक गडी बसला होता, बीजोत्पादनाचे प्लॉट घेणारा, बोलण्यात चतुर. ‘आमचं बियाणं चांगलं आहे, साहेब,’ तो म्हणाला, ‘आजा नव्वद वर्षं जगला, त्याला काही झालं नाही.’ ‘भाऊ, बोटं तर घाला,’ ताई म्हणाल्या. त्याने पिंक टाकली, चूळ भरली आणि बोटे तोंडाशी नेली. दोन गेली. तिसरे दातांना अडले. त्याने एकदा ताईंकडे पाहिले, आणि मग हात बदलून पाहिला.