नजरेवर धावणाऱ्याला हाकेची सवय

कारवान कुत्रा सावज हुंगत शोधत नाही. तो ते नजरेने हेरतो आणि वेगाने गाठतो. लांबट अरुंद डोकं, खोल छाती, आत ओढलेली कंबर आणि उंच पाय ही त्याची सगळी बांधणी पळण्यासाठी आहे. भरधाव असताना एका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात: एकदा अंग ताणलेलं असताना, एकदा पाय पोटाखाली गोळा झाल्यावर. लातूरपासून सातारा-सांगलीपर्यंत आणि पुढे कर्नाटकात मुधोळपर्यंत या कुळाची कुत्री आढळतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी आश्रय दिल्याने तिकडे त्यांना मुधोळ हाउंड हे नाव मिळालं. २००५ साली टपाल खात्याने या नावाने तिकीटही काढलं. कानाशेपटीला लांब केस असतील तर तो पश्मी.

असं पिल्लू आणणाऱ्याची गफलत होते ती शिकवणीत. श्वानप्रशिक्षणाचे प्रचलित धडे बरेचसे लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांना जमतील असे आहेत. रिट्रीव्हर ही एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनची, बंदुकीच्या शिकारीची पैदास. बार उडेपर्यंत मालकाशेजारी गप्प बसायचं, पक्षी कुठे पडला ते लक्षात ठेवायचं, सांगितल्यावर जायचं आणि दात न रुतवता तो आणून हातात द्यायचा, हे त्याचं काम. गोल्डन रिट्रीव्हरचा पाया स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ साली घातला. कुत्र्याचा मूळ पूर्वज म्हणजे लांडगा. त्याच्या शिकारीत हेरणं, दबकणं, पाठलाग, पकड, ठार करणं आणि फाडणं अशी ओळीने पावलं असतात. रिट्रीव्हरमध्ये माणसाने ही साखळी पकडीपाशी तोडली, कारवानात पाठलागाची कडी फुगवली. रिट्रीव्हर हुकमाची वाट पाहतो. कारवानाने वाट पाहिली तर ससा निसटलाच. त्यामुळे निर्णय त्याचा त्यानेच घ्यावा, अशीच त्याची निवड होत आली. त्याला हट्टी किंवा मंद म्हणणं अन्यायाचं आहे.

डोळ्यांची रचनाही याला पूरक आहे. सिडनी विद्यापीठातील पॉल मॅकग्रीवी आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिलं की, लांब नाकाच्या कुत्र्यांत दृष्टिपटलावरच्या चेतापेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, तर चपट्या नाकाच्या कुत्र्यांत त्या एका ठिपक्याभोवती गोळा होतात. आडवा पट्टा म्हणजे क्षितिजभर पहारा. रंगांच्या बाबतीत मात्र सगळीच कुत्री कमनशिबी: निळा आणि पिवळा नीट कळतो, तांबडा-हिरवा एकमेकांत मिसळतो. हिरवळीवर स्थिर पडलेला तांबडा चेंडू डोळ्यांना सहज सापडत नाही, हलणारी वस्तू लगेच टिपली जाते. नजरेचं हे बळ कुठे चालतं आणि कुठे नाही, ते सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात जमिनीवरच दिसतं. उत्तरेला नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा. दक्षिणेला, माण तालुक्याच्या हद्दीकडे, कमी पावसाची उघडी माळरानं. उसाच्या फडात कारवान आंधळा. तिथे नाकाने काम करणाऱ्याची सरशी. माळावर तो राजा, आणि म्हणून तिथेच तो हाताबाहेर जातो.

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झाल्यावर आईपासून वेगळं करावं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत केलेलं काम १९६५ साली ग्रंथरूपाने आलं. त्यानुसार तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या आसपासचा काळ ओळखीपाळखीचा: या वयात जे भेटतं ते आपलं, जे भेटत नाही ते पुढे भीतीचं. अडचण अशी की लसीकरणही याच काळात चालू असतं. पार्व्हो आणि डिस्टेंपरचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात, आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. तोवर पिल्लू रस्त्यावर सोडू नये. पण कडेवर घेऊन ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, एसटी, शाळेची पोरं आणि मुख्य म्हणजे मेंढरं त्याला दाखवावीत. पहिल्या रात्री त्याला गोठ्यात एकटं कोंडण्यापेक्षा माणसाजवळ निजवावं. रडणं लवकर थांबतं. नुसत्या भाकरी-दुधावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं कच्ची राहतात, म्हणून अंडी, मांस किंवा तयार खाद्य हवं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, ही गोष्ट द्राक्षबागांच्या या मुलखात जास्तच लक्षात ठेवायची.

शिक्षणाचा कणा म्हणजे हाकेला परत येणं. एडवर्ड थॉर्नडाइकचा जुना नियम असा की, ज्या कृतीनंतर सुख मिळतं ती पुन्हा घडते. रिट्रीव्हरला चेंडू किंवा खाऊ पुरतो. कारवानाची पंचाईत वेगळी: पाठलाग हेच त्याचं बक्षीस, ते तो स्वतःच मिळवतो, आणि प्रत्येक यशस्वी धावेबरोबर हाक आणखी फिकी पडते. म्हणून पहिले काही महिने लांब दोरी सोडायचीच नाही. एक ठरावीक शिटी, तिच्यामागोमाग दर वेळी उकडलेलं मांस, आधी घरात, मग अंगणात, शेवटी माळावर. शिटी वाजवून जवळ बोलावलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नये, आणि आल्या आल्या दरवेळी साखळीही अडकवू नये. पुढची पायरी म्हणजे पाठलागालाच कामाला लावणं: दोरीला बांधलेली चिंधी जमिनीवरून ओढायची, कुत्रा शिटीवर थांबला तरच ती त्याला पकडू द्यायची. मात्र हाडांची वाढ पुरी होण्याआधी, म्हणजे निदान वर्षभर, मोटरसायकलमागे पळवणं टाळावं. सांधे कायमचे बिघडू शकतात.

मेंढरांचा प्रश्न फलटणला टाळता येत नाही. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला एक जनुक दख्खनी मेंढीत आणून जुळी कोकरं देणारी जात तयार केली. जुळ्यांचा गुण असा एका जनुकावर पेलला. पाठलागाची ओढ मात्र अनेक जनुकांची गुंतागुंत आहे, ती एखाद्या संकराने पुसता येत नाही. उरतो तो लहानपणचा परिचय. कळपाशेजारी शांत पडून राहिलेल्या पिल्लाला खाऊ मिळाला, तर मेंढरू त्याच्या लेखी सावज उरत नाही. पळणारा ससा मात्र उरतो.

इथे कायदा आडवा येतो, आणि यायलाच हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. वन्यप्राण्याचा पाठलाग करणं आणि त्याला हाकून काढणंही तीत धरलेलं आहे. ससा असो की चिंकारा, त्याच्यावर कुत्रा सोडणं हा गुन्हा आहे. कुत्र्याची धाव चिंधीमागे किंवा कुंपण घातलेल्या रानात भागवावी लागते.

पळण्याच्या या देहाची काही किंमतही असते. अंगावर चरबी कमी असल्याने तो थंडीत कुडकुडतो. उन्हाळ्यात दुपारची धाव उष्माघाताला आमंत्रण देते, तेव्हा व्यायाम पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. याच बांध्याच्या ग्रेहाउंडमध्ये थायोपेंटोनसारखी भुलीची औषधं शरीरातून सावकाश बाहेर पडतात आणि शुद्ध येण्यास वेळ लागतो. ग्रेहाउंडच्या रक्तात लाल पेशींचं प्रमाणही इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतं, म्हणजे तपासणीत वरचा आकडा हा नेहमीच रोग नसतो. कारवानाची नसबंदी किंवा शस्त्रक्रिया ठरवताना त्याचं कूळ आणि अचूक वजन पशुवैद्यांना आधी सांगावं, म्हणजे औषध आणि मात्रा त्या हिशेबाने निवडता येते.